खालांचा ओटीपी

परवा शेजारच्या खालांना घेऊन एसटीने जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून त्या निघाल्या तरी. खिडकीवर ओटीपी मागितला; तो गेला भिवंडीत कामाला असलेल्या मुलाच्या मोबाइलवर. चार वेळा फोन लावला, तेव्हा नोंदणी झाली. एकट्या असत्या तर खाला परत फिरल्या असत्या.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत राखीव असतात, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दोस्तहो, मोर्चे, निवेदनं हवीतच. पण मोहल्ल्यातल्या एखाद्या माणसाबरोबर त्या खिडकीपर्यंत जाणं, हीसुद्धा चळवळच आहे. मोबाइल आपल्या खिशात आहेच. या आठवड्यात तो कुणासाठी तरी बाहेर काढूया.