भाकरी, छप्पर आणि शेजार

आधी पोट भरावे, मग मान, विद्या व आत्मोन्नती यांची गोष्ट काढावी, असे शहाणे लोक नेहमी म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी १९४३ साली एका निबंधात याच विचारास शास्त्राचे रूप दिले. अन्नपाणी, सुरक्षितता, आपलेपणा, मान व शेवटी आत्मविकास, अशा गरजांच्या पायऱ्या त्यांनी मांडल्या. हा क्रम ताठर नाही, असे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. पण मागून आलेल्यांनी ती पुस्ती गाळून पायऱ्या तेवढ्या पाठ केल्या.

आपल्या जिल्ह्याने हा क्रम एकदा कसास लावून पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता भूकंप झाला, आणि दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे यांखाली लातूर-धाराशिवकडील हजारो माणसे गाडली गेली. पुढे सास्तूरसह ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घराचे क्षेत्र कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले : कोणास २५० चौरस फूट, कोणास ४००, कोणास ७५०. भक्कम छप्पर मिळाले, हे थोडे नव्हे. परंतु जुन्या गावी भावकीची घरे एकास एक लागून असत. सरळ रस्त्यांच्या नव्या आखणीत ही वीण पुष्कळ ठिकाणी उसवली, व ती तक्रार पुढे वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली.

उत्क्रांतीच्या दृष्टीने यात नवल नाही. मनुष्य लाखो वर्षे लहान टोळ्यांतून राहिला. टोळीतून तुटलेल्यास श्वापद गाठी. आजारात त्यास पाणी पाजण्यास कोणी नसे. म्हणजे सोबत ही पोट भरल्यावर सुचणारी चैन नव्हे, पोट भरण्याचा तोच उपाय होता. मानाचेही तसेच. ज्याची किंमत, त्यास वाटा; म्हणून चारचौघांतील अपमान भुकेइतका बोचतो.

२०१० साली डग्लस केनरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पायऱ्या नव्याने रचिल्या आणि शिखरावरील आत्मविकास काढून तेथे अपत्यसंगोपन ठेविले. मला हे निम्मे पटते. लेकरू शाळेसाठी आजीपाशी ठेवून कोयता घेऊन ऊसतोडीस निघणारे आईबाप पाहिले, म्हणजे शिखर कोठे आहे ते कळते. परंतु सारे मानवी उद्योग वंशवृद्धीच्या हिशेबात बसविणे मला मान्य नाही. तेरच्या गोरोबाकाकांस मडके आणि अभंग यांमधील पायरी कधी दिसली नसावी. प्रभूनेही अरण्यात पाच हजारांस आधी शिकविले व मग भाकर दिली.

गरीब मुलांस वह्या व गणवेश देताना त्यांस ओळीने उभे करून छायाचित्र काढण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. वस्त्र मिळते, मान जातो. ही रीत बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दात्यांनी जिन्नस कार्यालयात ठेवावेत आणि शाळा सुटल्यावर मुलांनी ते आपापल्या दप्तरातून घरी न्यावेत. आणि परगावाहून वसतिगृहात आलेल्या नव्या मुलास पहिले काही आठवडे त्याच्या गावच्या सोबत्याशेजारीच बसू द्यावे.