मनाचं स्ट्रक्चरल ऑडिट

'टेन्शन घेऊ नकोस' हे आपल्या होस्टेलमधलं सर्वात जास्त वापरलं जाणारं आणि सर्वात कमी उपयोगाचं वाक्य आहे! सबमिशन राहिलंय, टेन्शन घेऊ नकोस. व्हायवाला एक्स्टर्नल कडक आहे, टेन्शन घेऊ नकोस. केटी लागली, घरून फोन आला, प्लेसमेंटच्या यादीत नाव नाही, तरी तेच. जणू टेन्शन म्हणजे मेसमधली दुधीची भाजी आहे, नको असेल तर ताट पुढे करायचं नाही. आमच्या ख्रिस्ती घरांत या वाक्याचा एक सख्खा भाऊ आहे. 'प्रार्थना कर, सगळं ठीक होईल.' सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण प्रार्थना करून 'आमेन' म्हटल्यावर पाच मिनिटांत तेच विचार परत आले, की ऐकणारा वेगळाच निष्कर्ष काढतो. आपला विश्वासच कमी पडतोय! म्हणजे आधी एक चिंता होती, आता दोन झाल्या.

मला वाटतं, गडबड इथेच आहे. देवाची शांती विचार बंद करून मिळत नाही, विचार नीट करून मिळते. हे माझ्या पदरचं नाही, बायबलमध्येच आहे. आणि मित्रांनो, तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी पान उलटू नका. मन सगळ्यांना सारखंच छळतं. समर्थ रामदासांनी मनाला समजवायला २०५ श्लोक लिहिले, ते काय उगाच?

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मॉरल सायन्सच्या तासाला पौलाचं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र होतं. त्यातला चौथा अध्याय बहुतेक ख्रिस्ती मुलांना अर्धा पाठ असतो. अर्धाच, हे महत्त्वाचं. चिंता करू नका, जे मागायचं ते आभार मानून देवापुढे ठेवा, मग बुद्धीच्या पलीकडची देवाची शांती तुमचं मन राखील, इथवर सगळ्यांना येतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवरही एवढंच छापलेलं असतं. पण पौल तिथे थांबत नाही. लगेच पुढे तो कशाचा विचार करायचा याची यादीच देतो. जे खरं आहे, जे मानाला साजेसं आहे, जे न्यायाचं आहे, जे निर्मळ आहे, ज्याविषयी प्रेम वाटावं, ज्याचं लोक चांगलं नाव घेतात, अशा गोष्टी. आणि त्यापुढे सांगतो, की जे शिकलात ते करा, म्हणजे शांतीचा देव तुमच्याबरोबर असेल. म्हणजे मागणं, विचार आणि कृती असा तिन्हींचा मिळून सिलॅबस आहे. आपण पहिलं युनिट वाचून पेपरला बसतो आणि मग म्हणतो, पेपर सिलॅबसच्या बाहेरचा होता!

मूळ ग्रीकमधले दोन शब्द मला फार आवडले. 'विचार करा' यासाठी पौलाने जो शब्द वापरलाय, लोगिझोमाई, तो व्यापारातल्या हिशेबासाठीही वापरला जायचा. म्हणजे नुसतं मनात घोळवणं नव्हे, हिशेब मांडणं. आणि शांती मन 'राखील' असं जे म्हटलंय, तो शब्द पहाऱ्याचा आहे, शिपाई वेशीवर उभा राहतो तसा. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, तिथे निवृत्त सैनिक वसवलेले होते, त्यांना पहारा म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. आणि पौल हे लिहीत होता तेव्हा स्वतः कैदेत होता. एसी हॉलमध्ये मोटिव्हेशनल लेक्चर देत नव्हता.

आता यादीतली पहिली गोष्ट बघा. 'जे सुखाचं आहे' किंवा 'जे सोपं आहे' असं ती म्हणत नाही. पहिला नंबर आहे 'जे खरं आहे' याचा. आपण इंजिनिअर होणार, म्हणून एक आपल्यातलं उदाहरण देते.

मी डिलाईल रोडची. कागदावर त्या रस्त्याचं नाव ना. म. जोशी मार्ग. १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढणारे कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी, त्यांच्यावरून. पण बस कंडक्टरपासून भाजीवालीपर्यंत सगळे म्हणतात डिलाईल रोडच. तिथे लोअर परळ स्टेशनवरून जाणारा जुना पूल होता. रोज हजारो माणसं आणि गाड्या त्याच्यावरून जात आणि कोणाला काही वाटत नसे. ३ जुलै २०१८ ला तिकडे अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला. त्यानंतर पुलांची तपासणी झाली, आमचा पूल धोकादायक ठरला आणि त्याच महिन्यात बंद झाला. नवा पूल पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षं आमच्या भागाने काय सहन केलं ते विचारू नका! वळसे, ट्रॅफिक, धूळ, म्हाताऱ्या माणसांचे हाल. सगळे शिव्या देत होते. पण शिव्या उशिरासाठी होत्या. तपासायलाच नको होतं, असं कोणीही शहाणा माणूस म्हणाला नाही.

बंद होण्याच्या आदल्या दिवशी तो पूल अगदी शांत वाटत असणार. ती न तपासल्याची शांतता होती. आज त्याच जागी आपण निर्धास्त चालतो, ती तपासल्यावरची. देवाची शांती या दुसऱ्या जातीची आहे असं माझं मत आहे. 'सब ठीक है' म्हणत राहणं हे पुलाला नुसता रंग मारण्यासारखं आहे.

पण मनाचं ऑडिट करायचं कसं? याचं उत्तर मला आजीकडून मिळालं. तिला ग्रीक येत नव्हतं, मराठी शाळाही सातवीपर्यंतच. आमचं घर मूळचं अहमदनगरकडचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडचं. आजोबा गिरणीत, बिऱ्हाड डिलाईल रोडच्या चाळीत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. आजी सांगायची, त्या दिवसांत रात्री चाळीत कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. ती रोज प्रार्थनेआधी एक वही काढायची. डाव्या पानावर जे नक्की माहीत आहे ते. डब्यात तांदूळ किती, वाण्याचं देणं किती, फी कधी भरायची. उजव्या पानावर 'असं होईल की काय' ते. खोली जाईल, गावी परतावं लागेल, पोरांची शाळा सुटेल. डाव्या पानावरच्या प्रत्येक ओळीला काहीतरी करण्यासारखं असायचं. वाण्याशी बोलायचं, खानावळीसाठी चपात्या लाटून द्यायच्या. उजवं पान ती देवापुढे वाचायची आणि वही मिटून झोपायची.

आता ऐका. तिच्या प्रार्थनेने गिरणी उघडली नाही. आजोबांची नोकरी गेली ती गेलीच. पण आजीला झोप लागायची आणि सकाळी उठून कामाला लागायचं बळ असायचं. बुद्धीच्या पलीकडची शांती म्हणतात ती याहून काही वेगळी असेल असं मला वाटत नाही.

आपलंही तसंच करता येतं. एका विषयात केटी लागली. डावं पान: विषय एक, परीक्षा अमुक महिन्यात, तिसरं आणि पाचवं युनिट कच्चं, वरच्या मजल्यावरची मैत्रीण त्यात हुशार. उजवं पान: वर्ष गेलं, नोकरी गेली, बाबांची मान खाली गेली, आयुष्य संपलं. मन चिंती ते वैरी न चिंती, ते हे. उजव्या पानावरचं सगळंच खोटं असतं असं नाही. पण ते अजून खरं झालेलं नाही, आणि रात्रभर आपण त्याच पानाचं घोकंपट्टी केल्यासारखं पाठांतर करतो.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे पॉझिटिव्ह थिंकिंगच ना? नाही. आरशासमोर उभं राहून 'मी टॉपर आहे' म्हणणं हे डाव्या पानावर खोटी एन्ट्री करणं आहे. येशूने स्वतः असं केलं नाही. गेथशेमानेच्या बागेत, पकडला जाण्याच्या रात्री, त्याने जिवाला मरणाएवढं दुःख झालंय हे मित्रांना उघड सांगितलं, आपल्याबरोबर जागे राहा म्हणाला, हा प्याला टळावा अशी विनंतीही केली. मग कोणत्या तोंडाने आपण चिंतेत असलेल्या मुलाला 'तुझा विश्वास कमी' म्हणायचं?

जुन्या करारात एलीया संदेष्ट्याची गोष्ट आहे. तो इतका खचला की झुडपाखाली बसून त्याने मरण मागितलं. देवाने पाठवलेल्या दूताने त्याला लेक्चर दिलं नाही. भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन झोपला. दूताने परत उठवून परत खायला घातलं. बाकीचं बोलणं नंतर! म्हणून मी रात्री तीन वाजता, उपाशीपोटी, चहावर चहा पिऊन केलेल्या विचाराला विचार मानतच नाही. आधी जेवा, झोपा, मग वही काढा.

आणखी एक मुद्दा, जो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. पौलाच्या यादीत न्यायही आहे. माझं मन शांत झालं, बाकी जगाचं जग बघेल, ही देवाची शांती नव्हे. आपल्या मराठीत याचं सुंदर उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६), 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या. वडिलांच्या कडक सोवळ्यात वाढलेल्या. नवरा, कवी नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत ख्रिस्ती झाला, तेव्हा या बाईवर आकाशच कोसळलं. पुढची काही वर्षं ती त्याच्यापासून दूर राहिली. नंतर संसार पुन्हा सुरू झाला तरी सोवळं सुटलं नव्हतं. कोणी आज्ञा केली म्हणून ते सुटलं नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःच्या मनाशी धरला, उलटसुलट तपासला, आणि माणसानेच केली या उत्तरावर आली. मग कोणाच्याही हातचं खायला तिची हरकत उरली नाही. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे आधी खरा विचार, मग त्याप्रमाणे वागणं, आणि मग तो हसरा निवांतपणा, जो त्या पुस्तकाच्या पानापानावर आहे.

आता हे होस्टेलवर आणा. शेजारच्या खोलीत ज्युनियरला रात्री उभं करून ठेवलंय आणि आपण हेडफोन लावून 'पीसफुल' झोपतो. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, पण हेडफोनविरुद्ध कायदा नाही! मेसमधल्या मावशींना एकेरीत हाक मारायची आणि रविवारी शांतीचं गाणं म्हणायचं, हेही तसंच. पौलाने त्या अध्यायाच्या सुरुवातीलाच मंडळीतल्या दोन बायकांना भांडण मिटवायला सांगितलंय आणि तिसऱ्याला मदत करायला सांगितलंय. रूममेटशी महिनाभर अबोला ठेवून शांती मागणाऱ्यांनी तो भाग जरूर वाचावा.

शेवटी एक सांगायलाच हवं. काही वेळा मन इतकं थकतं, की वही उघडली तरी दोन्ही पानं काळीच दिसतात. तेव्हा एकट्याने ऑडिट करायचं नसतं. आपला पूल तपासायला आपण बाहेरचा तज्ज्ञ बोलावतोच ना? तसं कॉलेजच्या समुपदेशकाकडे जावं, रेक्टर मॅडमना सांगावं, डॉक्टरांना भेटावं. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, नंबर १४४१६, कधीही फोन करता येतो, मराठीतही बोलतात. यात विश्वास कमी असल्याची लाज काही नाही. गोळी घेणं हाही देवाचीच मदत घेण्याचा एक मार्ग आहे, असं मी चर्चमध्येही म्हणते, आणि तिथे काही काका-मावश्या माझ्याकडे बघतातच! आणि शिक्षकांनाही एक विनंती. एखादा मुलगा प्रॅक्टिकलला सलग तीन वेळा आला नाही, तर शेरा मारण्याआधी एकदा विचारा, 'जेवलास का?'

थोडक्यात काय, 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणं सोडून देऊ या. त्याऐवजी समोर बसून विचारू या, 'यातलं नक्की खरं काय आहे, सांग बरं.' आणि तो सांगेपर्यंत जागे राहू या. एवढी साथ दिली, तरी पहारा अर्धा झाला. उरलेला अर्धा ज्याचा आहे, तो सांभाळतो. माझा तरी असाच विश्वास आहे. पटतंय का बघा!