‘तलाक’ या वाक्याचा कर्ता कोण?

‘त्याने तिला तलाक दिला’ हे वाक्य आपण मुखेडच्या बाजारात ऐकतो, कथाकादंबऱ्यांतही वाचतो. त्याचा कर्ता नेहमी पुरुष असतो. वास्तविक इस्लामी कायद्यात स्त्रीच्या पुढाकाराने होणाऱ्या विवाहविच्छेदाला ‘खुला’ असा स्वतंत्र शब्द आहे. ‘तिने खुला घेतला’ असे म्हणताच कर्तेपण तिच्याकडे येते. पहिला शब्द मराठीत पूर्ण रुळला. दुसरा फार थोड्यांच्या कानावर आलेला असतो.

हा केवळ शब्दसंग्रहाचा प्रश्न नव्हे. लातूरच्या एका दांपत्याच्या पोटगीच्या प्रकरणातून प्रश्न निघाला : ‘मी पूर्वीच तलाक दिला आहे’ एवढे पतीने कैफियतीत लिहिले, की विवाह संपतो काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २ मे २००२ रोजी ‘नाही’ असे उत्तर दिले. तलाकला कारण हवे, समेटाचा प्रयत्न झालेला हवा आणि हे सारे सिद्ध व्हायला हवे. लक्षात घ्या, हा निर्णय कुराणाला बाजूला सारून झालेला नाही. सूरह निसाच्या ३५व्या आयतीत पतीच्या व पत्नीच्या घरचा एकेक मध्यस्थ नेमण्यास सांगितले आहे. न्यायालयाने तोच आधार घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा खटल्यात हीच दिशा धरली.

मराठी वैचारिक लेखनात या विषयाची चर्चा हमीद दलवाईंपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत काढलेला मोर्चा धाडसाचाच होता. त्यांची मागणी सर्वांना समान अशा नागरी कायद्याची होती. परंतु श्रद्धा न सोडता न्याय मागणाऱ्या स्त्रीचे काय? झकिया सोमण व नूरजहाँ साफिया नियाज यांच्या पुढाकाराने २००७ साली उभे राहिलेले भारतीय मुस्लिम महिला आंदोलन हाच प्रश्न घेऊन आले. ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार पुरुषांपुरताच का, असे विचारून त्यांनी स्त्रियांना काझीपदाचे शिक्षणही दिले.

एका अर्थाने मिळालेले दुसऱ्या अर्थाने हिरावले जाऊ शकते, हा यावरचा आक्षेप मला वजनदार वाटतो. तरीही अर्थ लावणाऱ्यांत स्त्री असावी, याच बाजूचा मी आहे.

आपल्या किंवा शेजारच्या घरी निकाहनामा असेल, तर परवानगीने तो वाचा. मेहरची रक्कम बहुधा सापडेल. पत्नीला तलाकचा अधिकार सोपवणारी ‘तफवीज’ची अटही त्यात लिहिता येते, ती तिथे आहे का, पाहा.