विडी स्वस्त करून कोणत्या गरिबाचे भले केलेत?

प्रति,
मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री तथा अध्यक्ष, वस्तू व सेवा कर परिषद, नवी दिल्ली

विषय : विडीवरील कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणल्याबाबत

महोदया,

3 सप्टेंबर 2025 च्या बैठकीत परिषदेने सिगारेट, गुटखा, जर्दा यांच्यासाठी 40 टक्क्यांचा दर ठरवला आणि विडी 28 वरून 18 वर उतरवली. तेंदूपत्ताही 18 वरून 5 वर आणला. विडीचा नवा दर 1 फेब्रुवारी 2026 पासून लागूही झाला. आपण राज्यसभेत कर्नाटकाच्या प्रतिनिधी आहात आणि मी बेंगळुरूत सर्जापूर रोडवर राहणारा मराठी माणूस आहे. त्यामुळे जाब विचारायचा तर आपल्यालाच.

आमच्या रस्त्यावर इमारतींची कामे कधी थांबत नाहीत. सकाळी आठला कुठल्याही बांधकामाच्या फाटकासमोरची चहाची टपरी पाहा. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेला तरुण सुटी सिगारेट मागतो. शेजारी सिमेंटने हात पांढरे झालेला रायचूरचा किंवा ओडिशाचा मजूर विडीचे बंडल घेतो. दोरीला टांगलेल्या एकाच लायटरवर दोघे पेटवतात. त्या तरुणाच्या सिगारेटवर आपण 40 टक्के कर लावलात, वर उत्पादन शुल्कही लावलेत. मजूर दिवसभर ज्या सिमेंटच्या गोण्या वाहतो त्यांच्यावर 18 टक्के कर आहे आणि त्याच्या विडीवरही 18 टक्केच. विडीला फिल्टर नसतो. ती सतत विझू पाहते, म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. सिगारेटपेक्षा जास्त निकोटीन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड त्याच्या छातीत जाते. मग त्याच्या फुप्फुसांची किंमत कमी का धरलीत?

आकडे आपल्या मंत्रालयाला ठाऊक आहेत, तरी पुन्हा मांडतो. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार देशात सुमारे 7.2 कोटी प्रौढ विडी ओढतात. सिगारेट ओढणारे त्याच्या जवळपास निम्मे, पावणेचार कोटी. तंबाखूमुळे वर्षाला साडेतेरा लाख माणसे मरतात. 2017-18 मध्ये तंबाखूजन्य आजार आणि अकाली मृत्यूंनी देशाचे 1,77,341 कोटी रुपयांचे नुकसान केले. एकट्या विडीमुळे 2017 मध्ये झालेले नुकसान 80,550 कोटींचे होते आणि तिच्यावरच्या उत्पादन शुल्कातून सरकारला मिळत होते 417 कोटी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की किरकोळ किमतीत कराचा वाटा निदान 75 टक्के हवा. 28 टक्के दर असताना विडीत तो 22 टक्क्यांच्या आसपास होता. 18 टक्के दराने तो 15 टक्क्यांवर येतो. विडी 10 टक्क्यांनी महागली की तिचा खप सुमारे 9 टक्क्यांनी घटतो, हे भारतातल्याच अभ्यासांनी दाखवले आहे. म्हणजे कराचा उपयोग सर्वांत जास्त जिथे होतो, तिथेच आपण तो कमी केलात. दर अर्थसंकल्पाआधी डॉक्टर आणि अर्थतज्ज्ञ विडीवरचा कर वाढवा म्हणून निवेदने देतात. त्यांना मिळालेले उत्तर हे आहे.

सवलतीच्या समर्थनार्थ विडी कामगारांचे नाव घेतले जाते. हे मला सर्वांत जास्त लागले. सोलापूर, सिन्नर, निपाणी इथल्या घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते आणि मजुरी मिळते ती हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. कर 28 वरून 18 टक्क्यांवर उतरवताना ही हजारी एका रुपयाने तरी वाढावी अशी कोणती अट घातलीत? 1976 च्या कायद्याने विड्यांवर कल्याण उपकर घेतला जाई. त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुले चालत. 2017 मध्ये जीएसटी आणताना तो उपकर केंद्रानेच रद्द केला. हक्काचा पैसा काढून घ्यायचा आणि आठ वर्षांनी विडी वळणाऱ्या बाईच्याच नावाने कारखानदाराचा कर कमी करायचा, ही फसवणूक आहे. 1981 मध्ये याच निपाणीत तंबाखूला रास्त भाव मागणारे 12 शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मेले. तंबाखू पिकवणाऱ्याला आणि विडी वळणाऱ्या बाईला या धंद्याने कधी वर येऊ दिलेले नाही.

स्वस्त तंबाखूवरचा कर वाढवता येत नाही असेही नाही. फिलिपिन्स आपल्यासारखाच गरिबांचा देश. 2012 चा कायदा करून त्यांनी 2017 पर्यंत स्वस्त-महाग सगळ्या सिगारेटी एकाच कराखाली आणल्या. वाढीव महसुलाचा मोठा हिस्सा गरिबांच्या आरोग्यविम्याला दिला, तंबाखू शेतकऱ्यांसाठीही वाटा ठेवला. तिथे 2009 मध्ये 29.7 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत, 2015 मध्ये 23.8 टक्के. फिलिपिन्सप्रमाणेच आपणही जागतिक तंबाखू नियंत्रण कराराला बांधील आहोत; भारताने तो 2004 मध्येच मान्य केला.

निर्णय परिषदेचा आहे, म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारेही त्यात भागीदार आहेत. दोन्ही राज्यांच्या अर्थमंत्र्यांनी हे पत्र आपल्यालाही लिहिले आहे असे समजावे.

माझ्या मागण्या अशा : विडीला सिगारेटइतकाच 40 टक्के दर लावा. तिच्यावर नगामागे उत्पादन शुल्क बसवा आणि ते दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा. त्या पैशातला ठरावीक हिस्सा कायद्याने विडी कामगारांचे उपचार, निवृत्तिवेतन आणि दुसऱ्या रोजगारासाठी राखून ठेवा.

परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. घ्यायचा नसेल, तर ही सवलत विडी कारखानदारांना दिली असे उघड सांगा. विड्या वळणाऱ्या बाईचे नाव त्यासाठी पुन्हा वापरू नका.

आपला,
सर्जापूर रोड, बेंगळुरू येथील एक करदाता