चालणें झालें, आतां बळ

या सदरांत मागें चालण्याच्या व्यायामाविषयीं जें लिहिलें होतें, तें वाचून एका भगिनीनें सात महिने पहाटे चालण्याचा नेम निष्ठेनें चालविला. त्यांचें वय त्रेपन्न. घर एकत्र कुटुंबाचें. वजन उतरलें, जिना चढतांना लागणारी धाप थांबली, रक्तांतील साखरही आटोक्यांत आली. परंतु पोट सैलच राहिलें. आणि परवां नातवाला उचलतांना कमरेंत अशी कळ आली कीं, दोन दिवस अंथरुणांत काढावे लागले. आतां चालण्याच्या फेऱ्या आणखी वाढवाव्या काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

आमचें उत्तर असें कीं, फेऱ्या वाढवूं नका, आणि आहेत त्या मोडूंही नका. आतां उणीव आहे ती बळाची.

चालण्यापासून हृदय व फुप्फुसें यांस जो लाभ होतो तो निर्विवाद आहे. पण स्नायूंचा स्वभाव असा कीं, त्यांच्यावर जेवढा भार पडेल तेवढेंच बळ ते राखतात. सपाट रस्त्यानें चालतांना धडाच्या स्नायूंना फारसा भार पेलावा लागत नाहीं. शिवाय आहार कमी करून व चालून वजन उतरविलें, म्हणजे मेदाबरोबर थोडा स्नायूही झिजतो. उतारवयांत तो असाही हळूहळू घटतच असतो, आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या अस्थींचा ऱ्हासही वेगानें होतो. तेव्हां प्रश्न केवळ पोट कसें दिसतें एवढाच नाहीं. सत्तराव्या वर्षीं कोणाचा हात न धरितां पाटावरून उठतां येईल कीं नाहीं, हा खरा प्रश्न आहे.

कित्येकांची अशी समजूत असते कीं, उताणें निजून शंभर वेळां धड वर उचललें, म्हणजे पोटावरचा मेद तेथल्या तेथें वितळेल. तसें होत नाहीं. १९७१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत टेनिसपटूंचे दोन्ही बाहु मोजण्यांत आले. वर्षानुवर्षें रॅकेट धरणारा बाहु स्नायूंनीं अधिक भरलेला होता. पण त्वचेखालच्या मेदाचा थर दोन्ही बाहूंवर सारखाच आढळला. मेद उतरतो तो सर्व शरीराच्या जमाखर्चानें. व्यायामानें घट्ट होतो तो त्याच्याखालचा स्नायु. हीं दोन कामें निराळीं आहेत, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे पुष्कळशी निराशा टळते.

पोटाचे स्नायु म्हणजे केवळ पुढची भिंत नव्हे. एक रुंद स्नायु शेल्यासारखा कमरेभोंवतीं आडवा वेढलेला असतो. वर श्वासपटल, खालीं ओटीपोटाचा तळ सांवरणारे स्नायु, मागें कण्यालगतचे स्नायु. या चौफेर कोटाचें एक मुख्य काम म्हणजे हातापायांवर भार आला असतां कणा स्थिर राखणें. म्हणून त्यांना वारंवार वांकविण्यापेक्षां भाराखालीं स्थिर राहण्यास शिकविणें अधिक हिताचें.

आपल्या तालमींना ही गोष्ट नवी नाहीं. जोर काढतांना किंवा नमस्कार घालतांना तळहात व चवडे यांवर सारें अंग फळीसारखें सरळ होतें, ती स्थिति याच बळाची परीक्षा पाहते. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतून नमस्कारांचा प्रसार केला. या विषयावरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं लुईझ मॉर्गन यांच्या संपादनानें निघालें. हा व्यायाम त्यांनीं पुरुषांप्रमाणें स्त्रियांसही सांगितला, हें विशेष. मात्र नमस्कार भराभर घातले तर तो पुन्हां दमसासाचाच व्यायाम होतो. बळ हवें असेल त्यानें त्या स्थितींत थांबावें.

कॅनडांतील कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचाही भर अशाच स्थिर व्यायामांवर आहे. एकेक स्थिति सुमारें दहा सेकंद धरावी, सोडावी व पुन्हां धरावी, असें ते सांगतात. आरंभासाठीं पुढील क्रम घरच्या सतरंजीवर करतां येईल.

पहिली फळी: कोपरें व चवडे जमिनीस टेकून अंग सरळ धरावें. न जमल्यास चवड्यांऐवजीं गुडघे टेकावे. दुसरी कुशीची फळी: एका कोपरावर व गुडघ्यावर कूस उचलून धरावी, मग दुसरी कूस. तिसरा व्यायाम रांगत्या बाळाच्या स्थितींतला: उजवा हात पुढें व डावा पाय मागें लांबवावा, कमर ढळूं देऊं नये, मग बाजू बदलावी. हे तिन्ही दहा-दहा सेकंद, चार-पांच वेळां. त्यानंतर हात न टेकतां खुर्चीवरून दहा वेळां उठावें व बसावें. शेवटीं अर्धी भरलेली बादली अंगालगत धरून, गुडघ्यांत व जांघेंत वांकून, पाठ न वांकवितां पांच वेळां उचलावी. श्वास कोंडूं नये. सहज होऊं लागलें कीं थोडें वाढवावें. भार वाढला नाहीं तर बळही वाढत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबरच निदान दोन दिवस बळाचा व्यायाम सांगितला आहे. पहिले कांहीं आठवडे आरशांत फरक दिसणार नाहीं; त्या काळांत बळ वाढतें तें मुख्यतः मज्जातंतु शिकतात म्हणून. दोन-तीन महिने धीर धरावा.

आहाराकडेही पाहिलें पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें दर किलो वजनास ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज हवें; म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीस सुमारें ५० ग्रॅम. शाकाहारी घरांत पातळ वरणावर हा हिशेब जुळत नाहीं. घट्ट वरण, मोडाची उसळ, दूध, दहीं, शेंगदाणे यांची जोड हवी. आणि घरांतील शेवटच्या पंक्तीला उसळ उरते कीं नुसता रस्सा, हेंही एकदां पाहावें.

बाळंतपण नुकतेंच झालेल्या, अंतर्गळ, मणक्यांचा विकार, हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असलेल्या व्यक्तींनीं वैद्यांस विचारूनच आरंभ करावा. आमच्या पत्रलेखिका भगिनींनींही आधीं कमरेची कळ तपासून घ्यावी. व्यायाम करतांना पायांत मुंग्या किंवा कळ उतरल्यास तो तत्काळ थांबवावा.

शेवटीं घरांतील वडील माणसांस एक विनंति. बायकांचा व्यायाम घरकामांतच होतो, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु ओट्याशीं तासन् तास उभें राहण्यानें शीण येतो, बळ येत नाहीं; कारण त्यांत भार क्रमानें वाढत नाहीं आणि विश्रांति ठरलेली नसते. आठवड्यांतील दोन सकाळीं घरच्या सासूनें किंवा सुनेनें सतरंजी पसरली, तर तेवढा अर्धा तास चहाचें आधण दुसऱ्या कोणीं तरी ठेवावें. आणि आधण येईपर्यंत स्वतःही खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठून पाहावें.