तो अर्धा तास माहितीपटांना द्या

मा. संपादक,


पर्यावरण आणि विकास या विषयांवरच्या माहितीपटांना टीव्हीवर प्रेक्षक नाही, म्हणून वाहिन्या ते बनवत नाहीत, असे मत आपल्या गेल्या अंकातील एका लेखात वाचले. मला ते मुळीच पटले नाही. वाहिन्या असे माहितीपट बनवत नाहीत, कारण ते न बनवता त्यांचे भागते, आणि तशी सोय सरकारनेच करून ठेवली आहे.

केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बहुतेक खासगी वाहिन्यांनी रोज ३० मिनिटे लोकहिताचे कार्यक्रम दाखवायचे आहेत. त्यासाठी ठरवून दिलेल्या आठ विषयांत शेती व ग्रामविकास आहे, पर्यावरणाचे रक्षणही आहे. पण जानेवारी २०२३च्या सूचनापत्रात या नियमातला जीवच काढून घेतला गेला. ही ३० मिनिटे सलग नसली तरी चालतील. इतर कार्यक्रमांच्या ओघात आलेला मजकूरही त्यात धरता येईल. नियम पाळल्याचे प्रमाणपत्र वाहिनीने स्वतःचे स्वतःच द्यायचे. मालिकेतल्या एखाद्या प्रसंगात कोणी झाड लावले, तरी ती मिनिटे हिशेबात दाखवायला वाव आहे. मग वर्षभर खपून माहितीपट कोण करणार?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना, दूरदर्शन आणि आकाशवाणीने पर्यावरणावर रोज पाच ते सात मिनिटे आणि आठवड्यातून एकदा मोठा कार्यक्रम द्यावा, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. त्या वेळी खासगी वाहिन्या जेमतेम सुरू होत होत्या. आज घरोघरी त्याच पाहिल्या जातात, म्हणून ती अपेक्षा आता त्यांच्याकडूनच करायला हवी.

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ला आमच्या शहरात वाशिष्ठी नदीचे पाणी शिरले, तेव्हा सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे इथे होते. छपरांवर बसलेली माणसे आणि चिखलाने भरलेली बाजारपेठ महाराष्ट्राने पाहिली. कॅमेरे गेले आणि प्रश्न इथेच राहिले. घाटातला पाऊस, डोंगरउतारांवरची तोड आणि खोदकाम, नदीत साचलेला गाळ, खाडीची भरती, कोयनेची वीज तयार झाल्यावर कोळकेवाडीहून वाशिष्ठीत येणारे अवजल: पुरात यातल्या कशाचा किती वाटा? त्यानंतर गाळ काढा म्हणून लोक उपोषणाला बसले. पूररेषेवरून व्यापारी, घरमालक आणि प्रशासन यांच्यात वाद झडले. दोन मिनिटांच्या बातमीत हे मावत नाही. त्यासाठी उन्हाळ्यात कोरड्या पात्रात उतरावे लागते, पावसाळ्यात घाटात थांबावे लागते, अभियंता, मच्छीमार आणि दुकानदार या तिघांचेही ऐकून मग आकडे पडताळावे लागतात. अशा कामाला माहितीपट म्हणतात.

आणि गोष्ट चिपळूणपाशी संपत नाही. आमच्या आधी आठवडाभर, १४ आणि १५ जुलैला, जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात पुराने गावेच्या गावे धुऊन नेली. २० जुलैला चीनमधल्या चंगचौ शहरात एका तासात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत अडकलेली माणसे बुडाली. जर्मनीसारख्या श्रीमंत देशातही इशारा वेळेत लोकांपर्यंत पोचला नव्हता. त्यानंतर तिथे धोक्याचा संदेश थेट परिसरातल्या सगळ्या मोबाइलवर धाडण्याची यंत्रणा उभी राहिली. या तिन्ही ठिकाणांची कहाणी शेजारी शेजारी मांडणारा माहितीपट मराठीत असता, तर जगाचे हवामान बदलते म्हणजे काय आणि सावरायला कोणाकडे किती साधने आहेत, हे आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकाहून चांगले कळले असते.

माहितीपटाने फरक पडतो, याचा दाखला आपल्या शेजारच्याच किनाऱ्यावर आहे. गुजरातमध्ये यकृतातल्या तेलासाठी व्हेल शार्कची सर्रास शिकार होत असे. माइक पांडे यांनी ती 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटातून २००० साली जगापुढे आणली. पुढच्याच वर्षी, २००१मध्ये, हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला.

खर्चाचे कारण तर टिकतच नाही. लोकहिताचे कार्यक्रम वाहिन्यांनी आपसांत वाटून घ्यायला आणि पुन्हा दाखवायला त्याच सूचनापत्रात मुभा आहे. मराठी वाहिन्यांनी मिळून वर्षाला मोजकेच, पण नीट वेळ देऊन केलेले माहितीपट काढले, तर एकेकीच्या वाट्याला येणारा भार मोठा नसेल. विषय आणि संपादन मात्र माहितीपट करणाऱ्याच्याच हाती राहायला हवे. ज्या कारखान्याची जाहिरात वाहिनीवर चालते, त्याच्या सांडपाण्यावरचा माहितीपट वाहिनीच्या जाहिरात विभागाला विचारून होणार नाही.

मंत्रालयाकडे माझी मागणी साधी आहे. ओघात आलेला मजकूर मोजणे बंद करा. आठवड्यातून निदान एकदा तो अर्धा तास सलग, संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, प्रादेशिक भाषेतल्या माहितीपटासाठी राखून ठेवा. आणि कोणत्या वाहिनीने त्या वेळेत काय दाखवले, याची यादी दर महिन्याला लोकांसमोर ठेवा.

आपली,
एक वाचक, चिपळूण