एक्सरे ‘नॉर्मल’, म्हणून बाई खोटी?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बाईच्या पोटात डोकावायला डॉक्टरांना वेळ लागत नाही. पोट दुखतं म्हटलं की सोनोग्राफी, सोनोग्राफीनंतर कॅन्सरची भीती, आणि भीती घातली की पिशवी काढायची. २०१९ साली यावर ओरड झाली, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हे आकडे आपण सभांमधून अनेकदा मांडले. आज मला त्याच बायांच्या मनगटाबद्दल बोलायचं आहे. त्यात कुणीच डोकावत नाही.

नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. बाई ऊस तोडते, साळते, मोळी बांधते, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते. फळी ओली असली, पाय घसरला, की पडताना हात आपोआप पुढे टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. कोपीवर परतल्यावर त्याच हाताने भाकरी थापायची, धुणं पिळायचं, हंडा उचलायचा. धारूर, वडवणी, केजकडच्या गावांत बैठका घेताना मी मुद्दाम विचारते, “धुणं पिळताना करंगळीच्या बाजूला कळ येते का?” बऱ्याच हातांची दुसऱ्या हाताने चाचपणी सुरू होते.

यातली एखादी दवाखान्यात जाते. एक्सरे निघतो. “हाड मोडलेलं नाही, काही झालेलं नाही,” असं सांगून गोळ्या आणि क्रेप बँडेज देतात. मुकादमाला तेवढंच हवं असतं. दुसऱ्या दिवशी बाई फडात गेली नाही तर खाडा लागतो, आणि शिवाय ‘कामचुकार’ ही पदवी.

मैत्रिणींनो, एक्सरेत हाडं दिसतात. मनगटात आठ लहान हाडं दोन रांगांत बसलेली असतात. त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे बंध म्हणजे लिगामेंट, आणि हाडांच्या मधली गादी म्हणजे कूर्चा. या दोन्ही गोष्टी साध्या एक्सरेत दिसत नाहीत. बंध पुरता तुटून हाडं लांब गेली, तरच फट दिसते, तीसुद्धा कधीकधी मूठ आवळून खास एक्सरे काढला तरच. करंगळीच्या बाजूची त्रिकोणी कूर्चा फाटली तर एक्सरे साफ निर्दोष येऊ शकतो. तिथे उपयोगी पडतो तो एमआरआय. त्यात क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकाच्या साहाय्याने शरीरातल्या मऊ भागांची चित्रं मिळतात. इजा वेळेत कळली तर पट्टा, विश्रांती, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, यांनी हात वाचू शकतो. मोठा बंध तुटलेला तसाच राहिला तर हाडं जागची सरकतात, आणि पुढे सांधा झिजून जातो.

मग एमआरआय का होत नाही? पहिलं कारण पैसा. तपासणीला काही हजार रुपये लागतात, आणि आयुष्मान भारतसारखी योजना रुग्ण दाखल होण्यावर बेतलेली आहे. नुसती बाहेरून केलेली तपासणी तिच्यात बसत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पिशवी काढली की पाळीचा खाडा टळतो, मुकादमाची सोय होते, दवाखान्याला बिल मिळतं. मनगटाची इजा कागदावर आली तर कुणाला तरी पैसे द्यावे लागतील.

कायदा पाहा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात तुटलेल्या अवयवांचा तक्ता होता. तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली, असं तक्ताच सांगतो. तक्त्यात नसलेल्या इजेसाठी मात्र क्षमता किती घटली ते डॉक्टरने ठरवून द्यावं लागतं. ज्या बाईच्या कागदावर ‘एक्सरे नॉर्मल’ एवढंच लिहिलंय, तिने काय दाखवायचं? आधीच कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे.

काही जणी विचारतील, म्हणजे आता यंत्रांचा नवा धंदा सुरू करायचा का? ही भीती रास्त आहे. सोनोग्राफीच्या कागदाचं काय झालं ते आपण पाहिलं. वयानुसार झिजलेली कूर्चा न दुखणाऱ्या हातातही एमआरआयमध्ये दिसते, तेव्हा नुसत्या चित्रावरून शस्त्रक्रिया ठरवू द्यायची नाही. उलट बारीक फाट एमआरआयमध्ये कधी निसटतेही, म्हणून ‘एमआरआय नॉर्मल’ म्हणूनही बाईला खोटं ठरवू द्यायचं नाही. आधी डॉक्टरने हात हातात घेऊन तपासावा, कुठे दाबल्यावर दुखतं ते पाहावं, काम कोणतं ते विचारून लिहावं. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही, आणि नेमकी तीच होत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक ऊसतोड बाईचे हात तपासून नोंद व्हावी. एक्सरे नॉर्मल असूनही दुखणं टिकलं तर तिला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावं. त्यांनी सांगितलेला एमआरआय आणि जाण्यायेण्याचा खर्च गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने द्यावा. कागदावर ‘ऊसतोडीच्या कामात झालेली इजा’ असं मराठीत लिहून तो बाईच्या हाती द्यावा. तपासणीच्या दिवसाचा खाडा कापू नये.

येत्या हंगामाआधी प्रत्येक गटाने आपल्या गावात एक बैठक घ्यावी आणि कुणाचं मनगट किती दिवसांपासून दुखतं, कशाने दुखावलं, याची यादी करावी. ही यादी घेऊन आपण जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात जाऊ. पिशव्यांची मोजणी ओरड झाल्यावर झाली. हातांची मोजणी आपणच आधी सुरू करू.